बाहेर पडलेल्या माणसाची एवढी धास्ती का?

सभासदांच्या आयुष्यावर कडक नियंत्रण ठेवणाऱ्या धार्मिक गटांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची आणि त्यांच्या गटांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या थोरल्या बहिणीने ऐन उमेदीची सगळी वर्षे एका धार्मिक गटाला दिली. नवीन आलेल्यांना तिचे उदाहरण दिले जाई. काही काळापूर्वी ती बाहेर पडली. तिने गटावर कसलाही आरोप केलेला नाही, कोठे भाषण केले नाही, तक्रार नोंदवली नाही; ती नोकरी करते आणि आपल्या घरात राहते. तरीही जे लोक तिचे कौतुक करत होते, तेच आता तिला कपटी, अहंकारी, विकृत बुद्धीची म्हणतात, आणि तिच्याशी बोलणाऱ्यांना समज दिली जाते. हजारो अनुयायी असलेल्या गटाला एका गप्प बसलेल्या बाईची भीती का वाटावी?

उत्तर : तुमच्या बहिणीने काय केले, हे शोधत राहिलात तर हे कोडे सुटणार नाही, कारण तिच्याविषयी जे बोलले जाते ते तिच्यासाठी नसतेच. ती त्या सभेत हजर नसते. हजर असतात ते मागे राहिलेले लोक, आणि सगळे बोलणे त्यांना उद्देशून असते. १६५६ च्या जुलै महिन्यात अ‍ॅमस्टरडॅममधील पोर्तुगीज ज्यू समाजाने पुढे तत्त्वज्ञ म्हणून प्रसिद्ध झालेल्या तेवीस वर्षांच्या बारूख स्पिनोझाला बहिष्कृत केले, तेव्हाचा आदेश आजही उपलब्ध आहे. त्यात स्पिनोझाला शिव्याशाप भरपूर आहेत. पण आज्ञा म्हणून जे काही आहे ते इतरांसाठी आहे. त्याच्याशी कोणी तोंडी किंवा लेखी संपर्क ठेवू नये, त्याच्यासह एका छपराखाली राहू नये, त्याच्या चार हातांच्या आत जाऊ नये, त्याने लिहिलेले काहीही वाचू नये. त्याची मते नेमकी कोणती आणि ती का चूक आहेत, याचा तपशील मात्र त्या आदेशात नाही. वाचणाऱ्याला त्याची मते कळू नयेत हाच हेतू असेल, तर तो तपशील गाळणे सुसंगतच म्हणायला हवे.

आता गटाच्या बाजूने विचार करून पाहा. पूर्ण सत्य आपल्याजवळ आहे, ते सर्वांसाठी आहे, आणि आपल्याबाहेर केवळ अधःपतन आहे, असे ज्या गटाचे म्हणणे असते, त्याच्यापुढे कोणी निघून गेले की एक प्रश्न उभा राहतो: हा का गेला? याची साधारण तीन उत्तरे संभवतात. एक म्हणजे आमचे काही चुकले असेल. दुसरे, मार्ग चांगला आहे, पण या माणसाला तो मानवला नाही. तिसरे, या माणसातच खोट आहे. मोकळ्या वातावरणाच्या संस्थेला पहिली दोन्ही उत्तरे परवडतात. बहुतेक वेळा ती दुसरे उत्तर देऊन मोकळी होते. परंतु ज्याने स्वतःला निर्दोष आणि सर्वांसाठी एकमेव ठरवले आहे त्याने पहिली दोन दारे आपल्याच हाताने बंद केलेली असतात. मग खोट माणसातच शोधावी लागते आणि शोधली की ती सापडतेच, विशेषतः ज्या गटात सभासदांकडून मनातल्या पापांची कबुली नियमितपणे घेतली जाते आणि तिची नोंदही ठेवली जाते, तेथे.

सायंटॉलॉजी या अमेरिकेतील नव्या धार्मिक चळवळीचे संस्थापक एल. रॉन हबर्ड यांनी १९५९ मध्ये हे उत्तर सिद्धांताच्या रूपातच मांडले. माणूस अचानक संघटना सोडून जातो तो आपण केलेल्या आणि लपवून ठेवलेल्या दुष्कृत्यांमुळे, असे त्यांनी लिहिले. या सिद्धांताचा खरा उपयोग गेलेल्या माणसावर होत नाही, तो आत असलेल्यावर होतो. ज्याच्या मनात सोडून जाण्याचा विचार येतो, तो आता गटाविषयी शंका घेण्याऐवजी स्वतःविषयी शंका घेऊ लागतो: माझ्या मनात हे येते आहे, म्हणजे मी काहीतरी लपवतो आहे. शंका हाच गुन्ह्याचा पुरावा ठरला की ती उच्चारण्याची सोय राहत नाही. अशा ठिकाणी शेजारी बसलेल्या दहा जणांच्या मनात तीच शंका असेल, तरी दहाही जण आपण एकटेच बिघडलो आहोत असे समजत राहतात.

नेमक्या याच ठिकाणी तुमची बहीण धोकादायक ठरते. सामाजिक मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात केलेले प्रयोग या संदर्भात फार बोलके आहेत. एका खोलीत काही जण बसवून त्यांना रेषांची लांबी ओळखायला सांगितले जाई. एक सोडून बाकी सारे प्रयोगकर्त्याचेच लोक असत आणि ठरवून चुकीचे उत्तर देत. त्या बिचाऱ्या एकट्या माणसाच्या उत्तरांपैकी सुमारे एक तृतीयांश उत्तरे बहुमताच्या मागे फरफटत गेलेली असत. पण खोलीत एक जरी माणूस खरे उत्तर देणारा बसवला, तर हे चुकीचे प्रमाण जवळपास चौथाईवर येई. अ‍ॅश यांनी आणखी एक बदल करून पाहिला. खरे उत्तर देणाऱ्याला काही फेऱ्यांनंतर कामाचे निमित्त करून खोलीबाहेर पाठवले, आणि तो गेल्यावरही त्याचा परिणाम बराचसा टिकून राहिला. उलट, तोच साथीदार मध्येच बहुमताकडे वळला तेव्हा मात्र एकटा पडलेला माणूस पुन्हा पहिल्यासारखा वाकला. कडक नियंत्रणाच्या गटांतील नेत्यांनी हे प्रयोग वाचलेले असोत वा नसोत, त्यांचे वागणे हा निष्कर्ष पाठ असल्यासारखे असते. निघून गेलेला माणूस परत येऊन सर्वांसमोर क्षमा मागतो, या दृश्याला अशा गटांत एवढे मोल का असते, हेही येथे उलगडते. तो परत आला नाही, तर निदान त्याचे उत्तर विश्वासार्ह नव्हते असे तरी दाखवावे लागते.

तुमची बहीण काही बोलत नाही, हे तुम्ही तिच्या निरुपद्रवीपणाचे लक्षण मानता. गटाच्या दृष्टीने ते उलटे असण्याची शक्यता आहे. आरोप करणाऱ्याला शत्रू म्हणता येते. परंतु बाहेर पडून आजारी न पडलेली, कंगाल न झालेली, वेडी न झालेली, कोणावर न रागावलेली बाई हे एक असे उत्तर आहे ज्याचे खंडन करायला वाक्यच सापडत नाही. गट सोडणाऱ्याचा सर्वनाश होतो, असे वर्षानुवर्षे सांगितलेले असते, आणि ती सकाळी उठून कामाला जात असते. रॉबर्ट जे लिफ्टन या मानसोपचारतज्ज्ञांनी चीनमधील ‘विचारसुधारणे’तून, म्हणजे माणसांचे विचार सक्तीने बदलण्याच्या मोहिमेतून, गेलेल्या लोकांच्या मुलाखतींवरून १९६१ मध्ये संपूर्ण नियंत्रणाच्या वातावरणाची आठ लक्षणे सांगितली. त्यांतले शेवटचे लक्षण असे, की कोणाच्या अस्तित्वाला अर्थ आहे आणि कोणाच्या नाही, हे ठरवण्याचा अधिकार असा गट स्वतःकडे घेतो. बाहेर राहून सुखासमाधानाने जगणारा माणूस नुसत्या जगण्याने तो अधिकार नाकारत असतो.

एके काळी जितकी लाडकी, तितकाच आताचा राग मोठा, हे तुम्हाला विचित्र वाटले आहे. परंतु हे धार्मिक गटांपुरते नाही. बेल्जियममधील संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवले, की नापसंत वागणूक परक्याची असेल तर माणसे तिच्याकडे जेवढ्या कठोरपणे पाहतात, त्याहून अधिक कठोरपणे ती आपल्यातल्याच माणसाची असेल तेव्हा पाहतात. परका चुकला तर तो परकाच होता. आपला चुकला तर आपल्यावर बट्टा लागतो. त्यात तुमच्या बहिणीसारखीचे उदाहरण दिले गेलेले असते. ज्यांनी तिच्याकडे पाहून स्वतःचे शिक्षण सोडले, लग्न ठरवले किंवा मोडले, बचत देऊन टाकली, त्यांच्या दृष्टीने तिचे जाणे म्हणजे आपल्या त्यागावर मागून मारलेली काट असते. ती कपटी होती असे मानणे त्यांना सोपे जाते, कारण दुसरा पर्याय आपल्या गेलेल्या वर्षांचा हिशेब पुन्हा मांडण्याचा असतो आणि तो हिशेब मांडण्याइतके बळ फार थोड्यांजवळ असते. म्हणून मी अशा लोकांना दुष्ट म्हणायला सहसा तयार होत नाही. वरच्या फळीत आकडेमोड असू शकते. खालच्या फळीतली भीती बहुतेक वेळा खरी असते.

याखेरीज एक साधे कारण आहे: काहींना आतले माहीत असते. जपानमधील ओम शिनरिक्यो या पंथाने १९९५ च्या मार्चमध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला, हे सर्वांना ठाऊक आहे; परंतु त्याआधी सहा वर्षे, १९८९ मध्ये, पंथातील एका मृत्यूचे दडवलेले प्रकरण माहीत असलेल्या आणि पंथ सोडू पाहणाऱ्या एका सदस्याचाच त्यांनी खून केला होता. असे टोक क्वचितच गाठले जाते. परंतु हिशेब, संबंध आणि शिक्षा यांविषयी आतल्या माणसाला जे कळते ते बाहेरच्या टीकाकाराला कधीच कळत नाही, आणि तो तेच शब्द वापरून बोलतो जे आतल्यांना समजतात, ही बाब कोणत्याही गुप्तताप्रिय संस्थेला अस्वस्थ करणारी आहे.

ही धास्ती किती बेहिशेबी होऊ शकते, याचे सर्वांत भयंकर उदाहरण जिम जोन्स या अमेरिकी धर्मगुरूंच्या पीपल्स टेम्पल या पंथाचे आहे. १९७३ मध्ये आठ तरुण सदस्य निघून गेले, तेव्हा जोन्स यांनी सामूहिक आत्महत्येची भाषा केली होती. नोव्हेंबर १९७८ मध्ये अमेरिकी काँग्रेसचे सदस्य लिओ रायन गयानातील जोन्सटाउनच्या वस्तीत चौकशीसाठी गेले, आणि परतताना सुमारे हजार जणांच्या वस्तीतून पंधराच्या आसपास लोकांनी त्यांच्याबरोबर येण्याची इच्छा दाखवली. विमानतळाच्या धावपट्टीवर रायन यांच्यासह पाच जणांना गोळ्या घालण्यात आल्या आणि त्याच संध्याकाळी वस्तीत नऊशेहून अधिक माणसे विषाने मेली. विष घेण्यापूर्वी वस्तीत झालेल्या शेवटच्या सभेचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. क्रिस्टीन मिलर या बाईंनी त्यात उभे राहून विरोध केला. गेलेले लोक इतके थोडे आहेत की त्यांच्यासाठी बाराशे माणसांनी जीव द्यावा असे आपल्याला वाटत नाही, अशा अर्थाचे त्या बोलल्या. हिशेब अगदी सरळ होता. तो जोन्स यांना पटणे शक्य नव्हते, कारण पंधरा आणि हजार यांचे गुणोत्तर त्यांच्या लेखी महत्त्वाचे नव्हतेच. जाता येते, हे सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले होते.

प्रश्न : मी अशाच एका गटाची सभासद आहे आणि समाधानी आहे. माजी सभासद कटुतेने बोलतात, सोईचे तेवढेच सांगतात, काहींना प्रसिद्धी हवी असते. बदनामी होत असताना संस्थेने आपल्या लोकांना सावध केले, तर त्याला राक्षसीकरण का म्हणायचे? तुमच्यासारखे लोक माजी सभासदांचे म्हणणे तपासल्याशिवाय स्वीकारतात, असे मला वाटते.

उत्तर : तुमच्या आक्षेपात तथ्य आहे आणि समाजशास्त्रज्ञांनीही तो घेतलेला आहे. ब्रायन विल्सन यांच्यासारख्या धर्माच्या अभ्यासकाने माजी सदस्यांच्या साक्षीवर विसंबू नये अशी स्पष्ट भूमिका घेतली होती: सोडून गेलेल्याला आपला भूतकाळ समर्थनीय करायचा असतो, म्हणून तो आपण फसवले गेलो असे सांगतो. डेव्हिड ब्रॉम्ली यांनी १९९८ मध्ये बाहेर पडणाऱ्यांचे वेगवेगळे प्रकार मांडले. काही जण संस्थेशी बोलून, वाटाघाटी करून शांतपणे निघतात; काही जण आतला गैरप्रकार यंत्रणेसमोर आणतात; आणि काही जण बाहेर पडून थेट विरोधकांच्या आघाडीत सामील होतात. लोकांच्या कानावर येतो तो बहुधा तिसऱ्याचा आवाज. आयलीन बार्कर यांनी युनिफिकेशन चर्चचा, म्हणजे कोरियन धर्मगुरू मून यांच्या अनुयायांचा, अभ्यास करून १९८४ मध्ये दाखवले की प्राथमिक शिबिराला आलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के लोक सामील झालेच नाहीत, आणि जे झाले त्यांतलेही बहुतेक दोन वर्षांत निघून गेले. म्हणजे येणे-जाणे हे अशा गटांतही नेहमीचेच असते आणि जाणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक काहीच बोलत नाहीत. त्यात १९७० आणि १९८० च्या दशकांत अमेरिकेत नातेवाइकांनी भाडोत्री माणसांकरवी आपल्या मुलांना पळवून नेऊन त्यांची श्रद्धा जबरदस्तीने मोडण्याचे प्रकार झाले. अशा रीतीने बाहेर काढलेल्यांचे बोलणे, स्वतःहून निघालेल्यांच्या तुलनेत, जुन्या गटाविषयी बरेच अधिक कडवट असल्याचे अभ्यासकांना आढळले. तेव्हा साक्ष तपासली पाहिजे, यात वाद नाही.

परंतु तपासणे म्हणजे काय, हे पाहा. साक्षीदार काय सांगतो, त्यात तारीख, जागा, रक्कम, नाव आहे का, एकमेकांना न ओळखणारे दोघे-तिघे तेच सांगतात का, एखादा कागद त्याला दुजोरा देतो का, हे पाहणे म्हणजे तपासणे. तो कडवट आहे, आजारी आहे, पडलेला आहे, असे म्हणणे हे त्याच्या म्हणण्याला दिलेले उत्तर नव्हे. कडवट माणूस खरेही सांगू शकतो. मे १९७८ मध्ये जोन्सटाउनमधून निसटलेल्या डेबोरा लेटन यांनी जून महिन्यात शपथपत्रावर सांगितले होते की तेथे सामूहिक आत्महत्येच्या रंगीत तालमी होतात. पीपल्स टेम्पलने अशा लोकांना खोटारडे ठरवण्यात कसर ठेवली नव्हती. पाच महिन्यांनी काय झाले ते वर आलेच आहे.

संस्थेला बचावाचा अधिकार निश्चितच आहे. तिने आरोपांना मुद्देसूद उत्तर द्यावे, आपले हिशेब दाखवावेत, बदनामी झाली असेल तर न्यायालयात जावे. माझा आक्षेप तेथून पुढे सुरू होतो. १९६७ मध्ये हबर्ड यांनी काढलेल्या एका धोरणपत्रात संघटनेचा शत्रू ठरवलेल्या व्यक्तीला फसवले, तिच्यावर दावे लावले, तिच्याशी खोटे बोलले किंवा तिला उद्ध्वस्त केले, तरी तसे करणाऱ्या सायंटॉलॉजिस्टवर कारवाई होणार नाही असे म्हटले होते. अशा व्यक्तीला ‘फेअर गेम’, म्हणजे कोणीही शिकार करावी असे सावज, म्हटले जाई. पुढच्याच वर्षी हा शब्दप्रयोग बंद करण्यात आला; त्याने जनमानसात वाईट प्रतिमा होते, असे कारण देण्यात आले होते. ते धोरण तेव्हाच रद्द झाले, असे सायंटॉलॉजी चर्चचे म्हणणे आहे, आणि टीकाकारांना ते मान्य नाही. अशा मजकुराला सभासदांना सावध करणे म्हणता येईल का, याचा विचार तुम्हीच करावा.

‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे आणि म्हणून मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यांच्यात गंभीर पाप करून पश्चात्ताप न करणाऱ्याला मंडळीबाहेर काढण्याची पद्धत १९५२ पासून रूढ आहे. १९८१ च्या सप्टेंबरमध्ये त्यांच्या नियतकालिकाने जाहीर केले, की आपणहून राजीनामा देणाऱ्यालाही बाहेर काढलेल्यासारखेच वागवावे. त्याच वर्षाच्या अखेरीस रेमंड फ्रान्झ यांना बहिष्कृत करण्यात आले. ते पूर्वी या संघटनेच्या सर्वोच्च नियामक मंडळाचे सदस्य होते, आणि त्यांच्यावरचा आरोप एवढाच होता की ज्याने स्वतः राजीनामा दिला होता अशा, आपल्याला नोकरी देणाऱ्या मालकासोबत ते जेवले. पुढे जुलै २०११ च्या अंकात श्रद्धा सोडून विरोधात गेलेल्यांना मानसिकदृष्ट्या रोगट म्हटले गेले. मग २०२४ मध्ये काहीसा बदल झाला: बाहेर काढलेल्या माणसाला सभेचे निमंत्रण द्यावे, सभेला आला तर थोडक्यात स्वागत करावे, अशी मुभा मिळाली. मात्र शिकवणुकीविरुद्ध बोलणाऱ्या धर्मत्यागी लोकांना ही सवलत नाही. व्यभिचार करणाऱ्याला नमस्कार चालेल, शंका बोलून दाखवणाऱ्याला चालणार नाही. पापी माणूस नियम मोडतो, पण नियम खरा आहे हे तो अमान्य करत नाही. त्याच्यापासून गटाला फारसे भय नसते. तुम्ही समाधानी आहात, हे मी मनापासून मान्य करतो. फक्त तुमच्या गटात यांपैकी कोणत्या माणसाविषयी अधिक कठोरपणे बोलले जाते, याकडे लक्ष ठेवून पाहा.

प्रश्न : सगळ्याच धर्मांत सीमा असतात, सगळ्याच संस्था शिस्त लावतात. मग कडक नियंत्रणाचा गट कोणता, हे कसे ओळखायचे?

उत्तर : पोशाख, उपवास, पहाटेची उठाठेव, कठीण व्रते यांवरून ओळखता येत नाही. अत्यंत खडतर नियम असलेल्या मठातून माणूस निरोप घेऊन निघू शकतो आणि सणासुदीला भेटायलाही येऊ शकतो. ओळखायचे ते दारावर, म्हणजे बाहेर पडणाऱ्याचे काय होते यावरून. याविषयी श्रद्धावंतांतही मतभेद झालेले आहेत: १६९३ मध्ये स्वित्झर्लंड आणि आल्सास भागातील अ‍ॅनाबाप्टिस्ट ख्रिस्ती लोकांत फूट पडली, ती बहिष्कृताशी किती कडकपणे संबंध तोडावेत या मुद्द्यावर, आणि कडक बाजू घेणाऱ्या याकोब अम्मान यांच्या अनुयायांना पुढे आमिश हे नाव मिळाले. तरी आमिश समाजातही बाप्तिस्म्यापूर्वी निघून गेलेल्या तरुणाला वाळीत टाकले जात नाही, कारण त्याने अजून वचन दिलेले नसते. हा फरक मला लक्षणीय वाटतो.

कायद्यालाही ही रेषा सहज काढता आलेली नाही. नॉर्वेत सरकारने यहोवाच्या साक्षीदारांची नोंदणी २०२२ मध्ये रद्द केली, कारण बाहेर पडणाऱ्यांशी संबंध तोडण्याच्या प्रथेमुळे बाहेर पडण्याचे स्वातंत्र्यच धोक्यात येते असे सरकारचे म्हणणे होते. २०२४ मध्ये खालच्या न्यायालयाने ते मान्य केले आणि २०२५ मध्ये अपील न्यायालयाने नेमका उलटा निकाल दिला. कोणाशी बोलावे हे ज्याचे त्याने ठरवायचे, हेही स्वातंत्र्यच आहे. फक्त ते ठरवणारा खरोखर तोच आहे का, हा प्रश्न न्यायालयापेक्षा घरात अधिक स्पष्ट दिसतो. जाता जाता नमूद करतो, की ईश्वर न मानणाऱ्या काही राजकीय संघटनांनीही पक्ष सोडणाऱ्यांना अगदी याच भाषेत झोडपले आहे; येथे कळीचा घटक ईश्वर नसून आपण चुकूच शकत नाही हा दावा आहे.

प्रश्न : मी बाहेर पडलो. माझी आई आत आहे आणि माझ्याशी बोलत नाही. रस्त्यात दिसली तर मान वळवते. तिला माझा तिरस्कार वाटतो का? मी काय करावे?

उत्तर : तिच्या मनात काय आहे हे मी येथे बसून सांगू शकत नाही, पण मान वळवणे हा तिरस्काराचा पुरावा नव्हे, एवढे सांगू शकतो. अनेक गटांत अबोला हा शिक्षा म्हणून शिकवला जात नाही, प्रेम म्हणून शिकवला जातो: तू कठोर राहिलीस तरच तुझा मुलगा परत येईल आणि वाचेल, तू विरघळलीस तर त्याच्या नाशाला तू कारण होशील. हे ज्या आईला पटलेले आहे, ती तुमच्याकडे पाठ फिरवते तेव्हा आपण मुलासाठी मोठे दुःख सोसतो आहोत असेच समजत असते. शिवाय ती तुमच्याशी बोलली तर तिला स्वतःला जाब द्यावा लागत असेल, तिचे उरलेले सगळे मैत्र, उतारवयातला सगळा आधार त्या एका वर्तुळात असेल, तर तिच्यापुढची निवड तुम्हाला वाटते तेवढी सोपी नाही.

तिला गटाविरुद्ध पटवून देण्याचा प्रयत्न करू नका. तुमच्या प्रत्येक युक्तिवादाची तिला आधीच सूचना मिळालेली असते, आणि तुम्ही नेत्याविरुद्ध बोललात की तिला सांगितलेले भाकीत खरे ठरते. त्यापेक्षा अधूनमधून छोटे पत्र लिहा: नोकरी, प्रकृती, घरातले बाळ, जुन्या नातेवाइकाची खुशाली. उत्तर मागू नका आणि उत्तर आले नाही म्हणून पुढच्या पत्रात तक्रार करू नका. पत्र तिने न वाचता ठेवून दिले, तरी दार तुमच्या बाजूने उघडे असल्याचे तिला माहीत राहते, आणि जे लोक अनेक वर्षांनी परत बोलू लागतात, ते बहुधा अशाच एखाद्या न तोडलेल्या धाग्याने बोलू लागतात. आजारपण, मालमत्तेची कागदपत्रे, वृद्धांची देखभाल यांसाठी पुष्कळ गटांत आवश्यक कौटुंबिक व्यवहार म्हणून बोलण्याची मुभा असते. तुमच्या गटात ती असेल, तर संकोच न करता वापरा, आणि त्या बोलण्यात दुसरा विषय घुसडू नका.

धाकटी भावंडे आत असतील तर त्यांना निरोप्या करू नका. पकडले गेल्यास किंमत त्यांना मोजावी लागते. तुमच्यासारख्या इतर माजी सभासदांची सोबत सुरुवातीच्या काळात फार मोलाची असते, कारण तुम्हाला काय म्हणायचे आहे ते त्यांना लांबलचक समजावून सांगावे लागत नाही. फक्त आपले सगळे दिवस पुन्हा त्या गटाविषयीच बोलण्यात जात आहेत असे वाटू लागले, तर थोडे अंतर ठेवा आणि ज्यांना त्या गटाचे नावही माहीत नाही अशा माणसांत मिसळा. बाहेर पडून आपण किती सुखी आहोत, हे सिद्ध करून दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. झोप उडाली असेल, अपराधीपणा जात नसेल, शिकवलेल्या भयाची स्वप्ने पडत असतील, तर समुपदेशकाकडे जा, आणि पहिल्याच भेटीत कोणत्या वातावरणातून आलात ते सविस्तर सांगा, कारण सर्वच समुपदेशकांना हा अनुभव परिचयाचा नसतो. धमक्या येत असतील, नोकरीच्या ठिकाणी निनावी पत्रे जात असतील किंवा पूर्वी दिलेले कबुलीजबाब उघड करण्याची भीती दाखवली जात असेल, तर प्रत्येक संदेश तारखेसह जपून ठेवा, रागाच्या भरात उत्तर देऊ नका, आणि पोलिसांकडे जाण्यापूर्वी एखाद्या वकिलाला ती कागदपत्रे दाखवा.